वेदनापट्टीचा आकडा

"तुमच्या मनगटावरची वेदनापट्टी शून्य दाखवतेय, मॅडम. रजा कशी देऊ?" आस्थापना विभागाचे बारटक्के खुर्चीतून न हलता म्हणाले.

शर्वरी टेबल धरून वाकली होती. "साहेब, अकरा वर्षं एंडोमेट्रिओसिस आहे मला, गर्भाशयाचा आजार. पट्टी आपली रोजची अवस्था शिकते आणि त्यात फरक पडला तरच आकडा दाखवते. माझं दुखणं रोजचंच आहे."

"म्हणजे सवय झालीय ना? मग बसा की कामाला!" गेल्याच सोमवारी दाढदुखीपायी स्वतःच्या पट्टीवर दहापैकी चारचा आकडा आला, तेव्हा हेच बारटक्के दुपारीच घरी गेले होते.

शर्वरी गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून कामाला बसली.

पंधरा दिवसांनी तिला नवं औषध लागू पडलं. त्या सकाळी ती ताठ उभी राहून फायली लावत असताना तिची पट्टी कर्कश वाजू लागली. आकडा नऊ होता. बारटक्के धावत आले.

"अहो, गंभीर आहे हे! रजेचा अर्ज द्या, ताबडतोब!"

"पण साहेब, आज काहीच दुखत नाहीये."

"पट्टीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

अर्जात कारणापुढे शर्वरीने लिहिलं, 'आज काही दुखत नाही.' बारटक्क्यांनी आकडा दोनदा तपासला आणि कारण न वाचता सही केली.