शेवटच्या दिवसाचा मान

पोरं कमी आहेत म्हणून सरकारी शाळा बंद करायची नाही, एवढ्या एका कायद्यासाठी आमदारसाहेबांनी अकरा वर्षं सभागृहात घसा कोरडा केला. यंदा विधेयक कसंबसं मतदानाला लागलं, तेही अगदी शेवटच्या दिवशी. त्याच रात्री सभागृहाची मुदत संपत होती, आणि तिच्याबरोबर मंजूर न झालेली विधेयकंही बाद होणार होती. आणि नेमके आदल्या आठवड्यात साहेब गेले. "मी मांडतो, वहिनी, निश्चिंत राहा," असा त्यांच्या आमदार मित्रानं साहेबांच्या बायकोला शब्द दिला.

ती सकाळीच येऊन वरच्या गॅलरीत बसली. सरकारी शाळेत शिकवायची, आणि बंद करायच्या यादीत तिचीच शाळा पहिली होती. खाली एकेक जण उठून साहेबांवर भरभरून बोलला. अकरा वर्षं ज्यांनी चालढकल केली, ते तर सगळ्यांत जास्त वेळ बोलले. मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि बाहेर पडायला लागले. तिला वाटलं, जेवणाची सुट्टी असेल.

जिन्यात मित्रानं डोळे पुसत तिला गाठलं. "एवढा मान आजवर कुणाला मिळाला नाही, वहिनी. सकाळच्या बैठकीत मी नुसतं सुचवलं, आणि एकूणएक हात वर झाले."



"साहेबांसाठी आजचं सगळं कामकाज रद्द!"