रुस्तमची खोड

दिनकर खरमाटे लिलावाच्या दोरीपाशी गिऱ्हाइकांच्या कानाला लागत होता, “पुढचा पाय अधू आहे हो त्याचा. घेऊन पस्तावाल.” मुद्दाम हळू बोलत होता; रुस्तमनं आवाज ओळखला असता. पोलीस दलाच्या या घोड्याच्या पाठीवर दिनकरची अर्धी नोकरी झाली होती. आता दोघंही निवृत्त झाले होते. बोली चढली तर रुस्तम त्याच्या हातचा जाणार होता.

एकेक गिऱ्हाईक मागं सरलं. उरले हमीदभाई, घोड्यांचे जुने व्यापारी. त्यांनी रुस्तमचे दात पाहिले, पायांवरून हात फिरवला, खूर निरखले. “कोण म्हणतं अधू आहे? नंबरी जनावर आहे,” म्हणत त्यांनी बोलीसाठी हात वर केला.

न राहवून दिनकर ओरडला, “छातीत दम नाही त्याच्या!”

रुस्तमनं कान टवकारले. लगाम हिसडून, सरळ येऊन त्यानं दिनकरच्या खांद्यावर मान टाकली. दिनकरला वर बघवेना.

हमीदभाईंनी वर केलेला हात खाली घेतला. “साहेब, माझी बोली नाही,” पुकारणाऱ्याला म्हणाले. “घोड्याला खोड आहे. दुसऱ्या कुणाचा व्हायचा नाही हा.”