दुसरा मजला

हितेंद्र जिन्याच्या पहिल्या पायरीशी पाठमोरा बसला, दोन्ही हात मागे नेले आणि म्हणाला, "चल ताई." पाठीवर वजन काही आलं नाही.

त्याने मान वळवून बघितलं. कौसल्याताई व्हीलचेअरमध्ये ऐसपैस बसली होती. मांडीवर कागदांची पिशवी, पिशवीवर हात. घाई काय ती त्यालाच होती.

"हितू, मला आज उचलू नको," ती म्हणाली. "मी वर जात नाही."

साडेचार वाजले होते. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं आणि साडेपाचला बंद होणार होतं. दिव्यांगांच्या अर्जांची पडताळणी तिथेच व्हायची आणि आज शेवटचा दिवस होता. यंदा पहिल्यांदाच अर्जात घरच्या मदतनीसासाठीही भत्ता होता. आयुष्यभर बिनपगारी राबणारा माणूस सरकारला एकदाचा दिसला होता, आणि नेमकं आजच ताईला हे सुचावं, याचा हितेंद्रला सणसणीत राग आला. लिफ्ट होती म्हणा. तिच्यावर 'बंद आहे' अशी पाटी होती, आणि ती पाटीही आता पिवळी पडली होती.

"नाटकं नको ना करू. नंबर जाईल."

"जाऊ दे."

ताईचे पाय ती तीन वर्षांची असताना पोलिओने गेले. वडील गिरणीतून सुटून आले की तिला उचलून फिरवायचे. ते वारल्यावर ते काम चौदा वर्षांच्या हितूकडे आलं, आणि त्याने ते असं केलं की डिलाईल रोडच्या त्यांच्या चाळीत आया आपल्या पोरांना त्याचा दाखला देत. रोज तीन मजले खाली, तीन मजले वर. कॉलेजचा जिना, बँकेचा जिना, दवाखान्याचा जिना. लग्नाच्या हॉलमध्ये तर तो ताईला पाठीवर घेऊन थेट स्टेजवर चढायचा आणि फोटोलाही तसाच उभा राहायचा. "दमत नाहीस का रे?" असं कुणी विचारलं की गडी फुलून जायचा. आता तो सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि गेले दोन महिने शर्टाखाली कमरेला पट्टा बांधत होता. ताईपासून लपवून.

"पट्टा दिसला वाटतं तुला," तो पुटपुटला.

"ज्या पाठीवर बसते ती पाठ मला कळत नाही होय? पण पट्ट्यासाठी नाही म्हणत मी. तू पंचविशीत असतास तरी आज नाहीच म्हटलं असतं. फाटकापासून इथवर माझी चाकं मी ढकलत आले. इथून पुढचं त्यांनी बघायचं."

तेवढ्यात वरून शिपाई डोकावला. "ताई, वर चला. मॅडम उठतील आता."

"मॅडमना म्हणावं, खाली या."

"मॅडम खाली येत नसतात."

"मग मीपण वर जात नसते."

शिपायाने हितेंद्रकडे पाहिलं. भाऊ तरी शहाणा असेल, असं त्याला वाटलं असावं. "दादा, घ्या ना उचलून. सगळे असेच येतात."

हितेंद्र उठला. हातात फक्त पन्नास मिनिटं होती. उचलून न्यायचं, सही करून घ्यायची, घरी गेल्यावर काय शिव्या घालायच्या त्या घाल म्हणायचं. तो खुर्चीपाशी वाकला, त्याचे हात तिच्या काखेपर्यंत गेले.

"न विचारता उचलशील?" ताईने विचारलं. आवाज अजिबात चढला नव्हता.

त्याचे हात तिथेच थांबले. तेहेतीस वर्षं तो 'चल' म्हणत आला होता. 'उचलू का' असं त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याला खरोखर लाज वाटली. तो पायरीवर जाऊन बसला.

जिन्याच्या मधल्या वळणावर एक बाई मोठ्या मुलीला कडेवर घेऊन धापा टाकत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती वर बघत राहिली, मग खाली उतरली आणि मुलीला मांडीवर घेऊन हितेंद्रच्या शेजारी टेकली. शिपाई वर पळाला.

पाच वाजले. हितेंद्र सारखा घड्याळ बघत होता. ताई मात्र त्या मुलीला नाव विचारत होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी मॅडम उतरल्या. मागे शिपाई, त्याच्या हातात फाईल आणि शिक्का. त्यांनी उभ्याउभ्याच ताईचे कागद तपासले. मॅडम वाईट नव्हत्या, फक्त वैतागल्या होत्या.

"अकरा वर्षं झाली आम्हाला या जागेत," त्या म्हणाल्या. "लिफ्टबद्दल एक तक्रार नाही. मी वरिष्ठांना लिहू तरी काय?"

"केली असती हो तक्रार," कौसल्याताई म्हणाली. "पण हा उचलत होता ना."

तिने ते कौतुकानेच म्हटलं. शिपाईही हसला. हितेंद्रचे कान मात्र तापले. जन्मभराची कमाई कुणी हातात घेऊन उलटी करून दाखवावी, तसं त्याला झालं.

मॅडमनी शेवटचं पान उघडलं. ते मदतनीसाचं पान होतं. उत्तरं त्याने द्यायची होती आणि भत्ता त्या उत्तरांवरच ठरणार होता.

"अर्जदाराला उचलून न्यावं लागतं?" मॅडमनी पेन टेकवलं. "हो की नाही?"

हितेंद्रने सपाट फरशीवर खुर्चीत बसलेल्या ताईकडे पाहिलं.

"जिना असला तरच," तो म्हणाला. "तसंच लिहा, मॅडम."