मालन की मालनबाई

"नाही," प्रशांत म्हणाला.

मालनबाईला चष्मा नीट करायलासुद्धा वेळ मिळाला नव्हता. तिचा अर्ज खिडकीतून आत गेला, दोन बोटं कीबोर्डवर टकटकली, आणि झालंच.

"नाई म्हंजे?"

"रेशनकार्डांच्या यादीत तुमचं नाव नाही, मावशी. यादीत नाव नाही तर घराची जागा नाही. आज शेवटचा दिवस आहे."

शेजारी बसलेले हेडक्लार्क एकनाथराव नामंजुरीचा लाल शिक्का घेऊन तयारच होते.

"थांबा की, सायेब!" मालनबाईने खिडकीत हात घातला. "मागल्या महिन्याला कच्च्या तपासणीला आले, तवा होते की मी. वीस मिनटं घेतली या कंपूटरनं. लई इचार केला, मग हौ म्हणला. आज इचार न करताच नाई म्हणायलाय!"

रांगेत हशा पिकला. प्रशांत हसला नाही. त्या वेगाचाच तर त्याला तोरा होता.

आबिड्स भागातल्या त्या सरकारी कचेरीत कॉम्प्युटर येऊन वर्ष झालं होतं. घरांच्या अर्जांची एक यादी आणि रेशनकार्डांची दुसरी. अर्ज छापताना कार्डनंबराचा रकाना घालायचा राहूनच गेला, म्हणून दोन्ही याद्या नावावरून जोडायच्या. हे काम करणारा कुलदीप अमेरिकेला उडाला आणि गेल्या आठवड्यात प्रशांत त्याच्या खुर्चीवर आला. कुलदीपचा प्रोग्राम एकेका अर्जासाठी दोन लाख कार्डं पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळायचा. प्रशांतने कार्डांवरच्या नावांचा इंडेक्स केला. जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तसाच. सूचीत नाव बघायचं आणि थेट त्या पानावर जायचं. वीस मिनिटांचं काम दोन सेकंदांवर आलं. सकाळपासून एकशे चाळीस अर्ज हातावेगळे झाले होते आणि खूश होऊन एकनाथरावांनी त्याला दोनदा चहा पाजला होता.

पण सूची केली म्हणून पुस्तकातलं पान गळून पडत नाही. इंडेक्सने उत्तर लवकर येतं, बदलत नाही. हे प्रशांतला पक्कं ठाऊक होतं. मग ही बाई गेली कुठे? त्याने नाव पुन्हा टाकलं: मालन सूर्यभान वाघमारे. नाही. एकेक अक्षर बघून टाकलं. नाही. आता मात्र त्याचं डोकं चालेना.

"मावशी, कार्ड आणलंय का?"

तिने पिशवीतल्या पिशवीतून कार्ड काढलं. त्यावर लिहिलं होतं: मालनबाई सूर्यभान वाघमारे.

"मग अर्जात नुसतं मालन का लिहिलंत?"

"मी कुठं लिवलं? लिवणाऱ्यानं नाव इचारलं, मी मालन सांगितलं." तिला प्रश्नच कळला नव्हता. "कार्डवाल्यानं बाई लावलं, त्याची भलाई. सुलतान बाजारच्या दवाखान्यात आया हाय मी, तिथं डाक्टर लोकं बी मालनबाईच म्हणतात. पर आपल्याच तोंडानं आपल्याला बाई कसं म्हणावं, बाबा? लाज नाई वाटत?"

प्रशांतला एकदम आठवलं. कुलदीपच्या प्रोग्राममध्ये एक ओळ होती. नावं जुळवण्याआधी ती दोन्हीकडच्या नावांमधलं बाई, ताई, राव कापून टाकायची. जुळवताना अशी कात्री चालली की सूचीचा उपयोग होत नाही. मशीन पुन्हा पहिल्या कार्डापासून सुरुवात करतं. म्हणून प्रशांतने ती ओळच उडवली होती. इंग्रजी शाळेत शिकलेल्या त्या पोराला ती वेडपट वाटली होती.

त्याने लाल शिक्का बसलेल्या अर्जांचा गठ्ठा पुढे ओढला. त्रिवेणी. जयवंता. कुसुम. उषा. एकीच्याही नावाला बाई नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"सर, शिक्का थांबवा. ह्या सगळ्या जणी यादीत असतील."

"पागल झालास का? मशीन नाही म्हणतंय ना?"

"सर, तुमची सही बघा."

प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात एकनाथरावांची सही होती: एकनाथ. टेबलावरच्या पाटीवर पितळी अक्षरं होती: एकनाथराव.

"मशीन तुम्हालाही नाहीच म्हणेल," प्रशांत म्हणाला.

एकनाथरावांनी सहीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, पुन्हा सहीकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. पाचला यादी बंद व्हायची होती.

"किती वेळ लागेल?"

"कात्री आधीच लावतो. बाई, ताई, राव काढून टाकलेल्या नावांचा नवा इंडेक्स. अर्धा तास."

"आणि तोवर?"

"तोवर काहीच दिसणार नाही, सर."

एकनाथरावांनी शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर लावून घेतला. प्रशांतने कळ दाबली. पडदा काळा झाला. कोपऱ्यात एक हिरवी रेघ तेवढी लुकलुकत राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. रांग चुळबुळू लागली.

"मशीन बंद पड गई क्या जी?" मागून कुणीतरी ओरडलं.

मालनबाई खिडकी न सोडता मागे वळली.

"गप उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "इचार करायलाय त्यो."