घरचा नंबर

वर्नाने काउंटरवर आधी टेलिफोन ठेवला, मग त्याच्या शेजारी त्याची इंटरनेटची काळी डबी. मग दोन्ही हात टेकून ती नुसतीच उभी राहिली. अकराला वीस मिनिटं कमी होती.

"वर्नाबाई, अख्खा फोनच उचलून आणलात?" ओपल म्हणाली. नाणी टाकून कपडे धुवायचं हे दुकान तिचं.

"तीन दिवस लाईट नाही गं. तारांवर बर्फ धरला आणि आमच्या दरीतले खांबच आडवे झाले. फोन इंटरनेटवरचा, लाईट गेली की मुका. बॅटरी होती, ती पहिल्याच दिवशी संपली." वर्नाने श्वास घेतला. "बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, ही डबी कुठंही लावा, तुमचाच नंबर वाजेल. तुझ्याकडे इंटरनेट आहे ना?"

"आहे की. पण फोनच करायचा तर माझा मोबाईल घ्या."

"करायचा नाही. यायचाय. आणि तो याच नंबरावर येतो."

ओपलने साबणाच्या पुड्या बाजूला सारल्या आणि वायरी जोडून दिल्या. डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला. तीन रात्री वर्ना कोट घालूनच शेगडीपाशी झोपली होती, आणि सकाळी चौदा मैल निसरड्या रस्त्यावरून गाडी हाकत आली होती. त्या दिव्याकडे बघता बघता तिचे डोळे मिटायला लागले. दिवा स्थिर झाला तशी तिने रिसीव्हर कानाला लावला. लाइन चालू असल्याचा आवाज येत होता. तिने रिसीव्हर घाईने परत ठेवला.

दुकान भरलेलं होतं. अर्ध्या तालुक्याची लाईट गेलेली, त्यामुळे सगळे इथंच. बारा ड्रायर एकदम घरघरत होते. चर्चमधली आयलीन टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"डॉयलचा फोन वाटतं?" ती म्हणाली. "ह्यूस्टनला तेलाच्या कामावर बरी रविवारची सुट्टी मिळते!"

मुलगा कुठे आहे विचारलं की चार वर्षं वर्ना गावाला ह्यूस्टनच सांगत आली होती. यावरचं उत्तरही तयार होतं, कितीदा तरी दिलेलं. आज ते तोंडातून बाहेर काढायचंही त्राण नव्हतं.

"ह्यूस्टनला नाहीये तो, आयलीन. तुरुंगात आहे. तिथल्या त्याच्या कागदावर फोन करायला एकच नंबर लिहिलाय, घरचा. रविवारी अकराला, पंधरा मिनिटं."

आयलीनने घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि त्याची पुन्हा घडी घातली.

फोन वाजला. आधी नेहमीचा तो यंत्रातला आवाज, कैद्याचा फोन आहे, घ्यायचा असेल तर एक दाबा. वर्नाने दाबला.

"आई?"

"बोल रे."

"काय? ऐकू येत नाहीये. मागं कसला आवाज येतोय एवढा?"

"मोठ्यानं बोल, डॉयल!" तिने दुसऱ्या कानावर तळहात दाबला. घरघर हातातूनही येत होती. तो काहीतरी सांगत होता, तिला नुसता सूर कळत होता. तिने डोळे घट्ट मिटले.

तेवढ्यात आयलीन उठली आणि तिने आपल्या ड्रायरचं दार उघडलं. आतलं पिंप हळू हळू फिरत थांबलं. पलीकडच्या म्हाताऱ्याने आपलं उघडलं. मग त्याच्या शेजारणीने, आणि मग एकेक करून सगळ्यांनी दारं उघडून कपडे बाहेर काढले. ओपल मागं गेली आणि धुण्याच्या मशीनांचा खटका खाली ओढून आली.

"आई, एकदम सगळं शांत कसं झालं गं?" डॉयलचा आवाज आता अगदी कानाशी होता. "लाईट गेली का?"

वर्नाने डोळे उघडले. माणसं मांडीवर ओले कपडे घेऊन बाकांवर बसली होती आणि सगळी जमिनीकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "आहे लाईट. तू बोल."