कोर्टाचा शर्ट

शर्ट मोठा झाला होता. हवालदाराने नवऱ्याला गाडीतून उतरवलं आणि कोर्टाच्या आवारातल्या बाकावरूनच तिला ते दिसलं. खांद्यात दोन बोटं, पोटाशी चांगली चार. टेप लावायची गरज नव्हती. वीस वर्षं माणसं नजरेने मोजून कपडे शिवले होते, आणि हे माप तर घरचं.

"पोट तसंच आहे म्हणालात," ती शेजारी बसलेल्या ड्रायव्हरच्या बायकोला म्हणाली.

"आहे ना. पोट आहेच."

"कुठाय?"

ड्रायव्हरची बायको पिशवीत काहीतरी शोधायला लागली. पलीकडून रखवालदाराची आई म्हणाली, "थोडं आत गेलंय, एवढंच. तू आत्ता पोट बघू नकोस, तोंड बघ."

गोदामातला माल गायब झाला आणि मालकाने पाच जणांवर आळ घेतला, त्याला सात महिने होत आले होते. चौघे एकेक करून जामिनावर सुटले, चौघेही ह्याच आकाशी शर्टात. शर्ट मुळात ड्रायव्हरचा, तिनेच शिवलेला. तो घालून तो पहिला उभा राहिला आणि सुटला. मग तिने तो रखवालदारासाठी आत घेतला, हमालासाठी खांद्यात सोडला, कारकुनासाठी बाह्या वर केल्या. शर्टामुळे कुणी सुटतं असं कुणालाच वाटत नव्हतं. पण दुसरा शर्ट देऊन बघायची कुणाची छाती झाली नाही. आता उरला होता काट्यावर ट्रकांची वजनं घेणारा तिचा नवरा, आणि पाचांत अंगाने भरलेला तोच. परवा तिने दोन्ही बाजू अगदी काठापर्यंत उसवल्या, काखेत तुकडे जोडले आणि शर्ट तुरुंगात पाठवला.

दोन महिने तिला भेटीला जाता आलं नव्हतं. जिन्यात पाय मोडला होता. तिच्याऐवजी ह्या दोघींपैकी कुणीतरी जायची आणि आल्यावर सांगायची: मजेत आहेत, जेवतात, पोट तसंच.

नवरा पायऱ्यांपाशी आला. त्याने आधी तिला पाहिलं, मग तिच्या काखेतली कुबडी, मग प्लास्टरमधला पाय. मग ड्रायव्हरच्या बायकोकडे वळून म्हणाला, "वहिनी, पाय मुरगळलाय म्हणाला होतात."

"मुरगळलाच होता आधी," ड्रायव्हरची बायको म्हणाली. "मग मोडला."

दोघींवर चिडायचं तिने बाकावरच ठरवलं होतं. पण नवऱ्याचं तोंड बघून तिला हसूच आलं. त्याच्या पोटाच्या आणि तिच्या पायाच्या, दोन्ही मापांत गडबड करणारे हात तेच होते.

आत वकीलबाई दहा मिनिटं बोलल्या. तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही. नवरा पाठमोरा उभा होता, छतावरचा पंखा फिरत होता आणि पाठीवरचा शर्ट फुगून पुन्हा खाली बसत होता. तो फुगून कड उलटली की आतल्या शिवणीवरचे चौघांचे दोरे दिसत होते, काळा, पांढरा, निळा, राखाडी. पाचवा पिवळा. आकाशी दोरा संपला होता म्हणून घातलेला. आणावा की काय आकाशी, असं तिला परवाच वाटलं होतं. आता न्यायाधीश जर नाही म्हणाले तर?

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. "जामीन कोण राहतंय?"

ड्रायव्हरची बायको उभी राहिली. रखवालदाराची आईही उभी राहिली.

"एक पुरे," न्यायाधीश म्हणाले.

म्हातारी काही बसली नाही.

कागद तुरुंगात पोहोचून सुटका व्हायला संध्याकाळ होणार होती. व्हरांड्यात हवालदाराने घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं. काय बोलायचं ते बोला."

तिने स्वतःच्या कॉलरच्या आतून दोरा गुंडाळलेली सुई काढली, कुबडी म्हातारीकडे दिली आणि नवऱ्याला खांदा टेकून उभी राहिली. शर्टाची बाजू चिमटीत धरली. चिमटीत बरंच कापड आलं.

"ट्रकांची वजनं घेता घेता स्वतःचं कुठे ठेवून आलात?"

"राहू दे गं. संध्याकाळी घरी येतोय, काढूनच टाकायचाय."

"असल्या अवतारात दारात येणार? टेलरबाईचा नवरा म्हणे."

"दुहेरी शिवण घाल," म्हातारी म्हणाली. "मजबूत."

"नाही मावशी, कच्चाच टाका घालते. महिन्याभरात उसवायचाय."

"अगं, पण शर्ट आमच्या ह्यांचा आहे," ड्रायव्हरची बायको म्हणाली.

"तुमच्या ह्यांना नवा शिवून देते. हा आता राहू दे आमच्याकडे."

ती टाके घालत गेली. सैल, लांब, पिवळे. तो हात वर करून उभा होता, तिला तोल सांभाळता यावा म्हणून जराही न हलता. शेवटचा टाका झाला. तिची कात्री सकाळी दारावरच्या तपासणीत काढून घेतली होती. तिने मान वाकवली, कपाळ त्याच्या बरगड्यांना टेकलं, आणि तिने दोरा दातांत धरला.

"झालं का बाई?" हवालदाराने विचारलं.

"थोडं राहिलंय," ती तिथूनच म्हणाली.

तुटलेला दोरा तिच्या ओठांत होता.