पाहुण्यांचा परिचय

अनिरुद्धला करायचं होतं ते एवढंच: स्वतःच्या देशात मातृभाषेतली पहिली कादंबरी लिहिणाऱ्या आफ्रिकन बाईंना त्यांचीच एक कविता मराठीत ऐकवायची. ड्यूटी सांभाळून तीन महिने तो कवितेच्या अनुवादाशी झटला होता. ऐंशीच्या बाई बहारीनला मुलीकडे आल्या होत्या, म्हणून तिथल्या मराठी मंडळाने त्यांना भीमजयंतीला बोलावलं.

"आधी परिचय, मग कविता," अध्यक्ष दशरथभाऊंनी बजावलं. "हॉल दोनला सोडायचाय."

शाली, पुष्पगुच्छ, फोटो आटोपून दीड वाजता माइक हाती आला आणि अनिरुद्ध सुटला. बाईंची शाळा, तुरुंगवास, परत आलेली हस्तलिखितं. एकही सन सोडला नाही. कवितेचा कागद काढला, तेवढ्यात दशरथभाऊ कानाशी आले. "वेळ खलास, बाबा. आभार मान."

बाईंना अदलियाला मुलीच्या घरी सोडताना त्याने माफी मागितली.

"माझं आयुष्य मला पाठ आहे रे," बाई हसल्या. "कविता तुमच्या भाषेत कशी लागते, ते ऐकायला आले होते. वाच आता."

त्याने गाडी बाजूला घेतली. दुसऱ्या कडव्यालाच बाईंचा डोळा लागला. उरलीसुरली जाग त्यांनी स्वतःच्याच परिचयावर खर्चली होती.